अर्धं हिरवं दार

गणपती गेले, पितरांचा पंधरवडा लागला, की आमच्या कॉलनीत मशीनं सुरू होतात. पावसाने फुगलेली दारं उन्हाने आकसून पुन्हा चौकटीत बसायला लागलेली असतात आणि दिवाळी महिन्यावर आलेली असते. कुणाकडे खिडकीची ग्रील घासणं चालू असतं, कुणाकडे दिवाण. सकाळी दहाच्या सुमाराला पहिलं मशीन गुरगुरतं, मग मागच्या गल्लीतलं त्याला साथ देतं. मी ओट्यावर हिंदी पेपर घेऊन बसलेला असतो. डोळे पेपरात असले तरी कान तिकडेच असतात. कुठल्या नंबरचा घासायचा कागद लावलाय, धरणारा मशीन दाबतोय की नुसतं फिरवतोय, हे मला आवाजावरून कळतं. दाबणाऱ्याच्या मशीनचा आवाज जड होतो, दमेकऱ्याच्या श्वासासारखा. सॅण्डरला, म्हणजे या घासायच्या मशीनला, दाबायचं नसतं, त्याला स्वतःचं वजन पुरतं. हे ओरडून सांगावंसं वाटतं, पण मी सांगत नाही. सांगायचा हक्क आपल्याकडे राहिलेला नाही, असं मला वाटतं.

हे दिवस खरं तर भिलाईचे सगळ्यात चांगले दिवस. पावसाने धुऊन काढलेलं आकाश. रसमड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कासाचं पांढरं गवत फुललेलं असतं. जामुलच्या बाजूने येणारी सिमेंटची धूळसुद्धा अजून पानांवर बसायची असते. सिविक सेंटरला पणत्यांचे ढीग लागायला अवकाश असतो, पण रंगाच्या दुकानांत गर्दी सुरू झालेली असते. टर्पेंटाइनचा वास, ओल्या भिंतींचा वास, आणि या सगळ्यांवर लाकडाच्या पिठीचा तो गोडसर, कोरडा वास. एके काळी या वासाने मला भूक लागायची. आता काही होत नाही. वास येतो, एवढंच.

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. चहाचा कप किती गरम आहे, ते मला डाव्या हाताने पाहावं लागतं. थंडीत ही बोटं पांढरी पडतात आणि माझी मुलगी घाबरते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थरथरणारी मशीनं तीस वर्षं हातात धरली की असं होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन खाली ठेवून हाताला विसावा द्यावा, असं सांगतात. मीही इतरांना सांगायचो. स्वतः मात्र एकदा मशीन धरलं की काम संपेपर्यंत धरायचो.

प्लांटमध्ये मी पॅटर्न शॉपला होतो. पोलादाच्या कारखान्यात सुतार कशाला, असं नागपूरकडचे पाहुणे विचारायचे. एखादा मोठा भाग ओतीव करायचा, तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, वाळूत त्याचा ठसा घ्यावा लागतो, मग त्यात वितळलेलं लोखंड ओततात. तो लाकडी नमुना करणारे आम्ही. गावी आमच्याकडे धानाची शेती. वडील भंडाऱ्याहून इकडे आले ते प्लांटच्या नोकरीसाठी, आणि त्यांच्या मागोमाग मीही तिथेच लागलो. शॉपच्या सेफ्टी कमिटीत मी सहा वर्षं होतो. एकदा सुरक्षा सप्ताहात निबंध स्पर्धा झाली, त्यात मला पहिलं बक्षीस मिळालं. निबंध हिंदीत होता. त्यात सगळं होतं: कागद बदलण्याआधी प्लग काढा, वायर खांद्यावरून मागे घ्या, मशीन पूर्ण थांबल्याशिवाय खाली ठेवू नका, फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका, सैल बाही आणि हातातला दोरा सांभाळा. बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. म्हणजे सुरक्षेवर मी लिहिलेला हा दुसरा लेख. याला थर्मास मिळायचा नाही.

परवा आमची रुपाली रायपूरहून आली. तिथे एका ऑफिसात ती घरांची अंतर्गत सजावट कागदावर काढून देते. आली ती हातात एक खोकं घेऊनच. चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, सॅण्डर आणलं. नवीन. आता ते मागचं दार पूरा करना है."

मी म्हटलं, "कोणतं दार?"

"कोणतं म्हंजे? आपल्या घरी एकच दार असं हाय."

खरंच, एकच आहे. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उघडणारं ते दार आम्ही जुनं विकत आणलं होतं. पाडलेल्या घरातलं सागवान. त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे चार-पाच थर. वरचा अर्धा भाग मी घासून काढलेला आहे, तिथे सागाच्या रेषा दिसतात. खालचा अर्धा भाग अजून हिरवा आहे. मधली सीमा सरळ नाही. डावीकडून ती खाली खाली येते आणि उजव्या बाजूला, कडीपासून वीतभर अंतरावर, एकदम तुटते. तिथे मशीन थांबलं होतं. मग ते दार मी तसंच चौकटीला लावलं. अकरा वर्षं झाली.

त्या वर्षी सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला मी निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, शॉप दाखवायला नेलं होतं. त्या दिवशी घरच्या माणसांना आत येऊ देत. सगळी मशीनं बंद, पुसूनपासून लख्ख, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूची माळ. मोठ्या करवतीला हळदकुंकू. लाडूचा वास आणि तेलाचा वास एकत्र. निर्मलाने नवी जांभळी साडी नेसली होती. ती एकेका मशीनसमोर देवळात थांबावं तशी थांबत होती. भिंतीवर एक बोर्ड होता, मशीनजवळ उभ्या असलेल्या प्रत्येक व्यक्तीने चष्मा लावणं सक्तीचं आहे, असा. तिने तो मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, "हर व्यक्ति म्हंजे? जो मशीन चालवते तोच नं?"

"नाही," मी ऐटीत सांगितलं. "जो बाजूले उभा हाय त्यानं बी लावाचा. जो लाकूड धरते त्यानं त् पहिले लावाचा. चालवणाऱ्याले मालूम असते मशीन कुठं जाऊन राहिली. धरणाऱ्याले नसते."

"हे बराबर हाय," ती म्हणाली.

आम्ही घरीही पूजा करत असू. घरचं ड्रिल आणि हातात धरायचा ग्राइंडर तिने आदल्या संध्याकाळीच झाडूनपुसून ठेवली होती. ग्राइंडरच्या चाकावर पत्र्याचं अर्धगोल झाकण असतं, गार्ड म्हणतात त्याला. त्याच्या आत भुसा साचला होता, म्हणून मीच तो स्क्रू ढिला करून काढून दिला. तिने गार्ड चिंचेने घासला, वर कुंकवाचं बोट ओढलं आणि देवघरात ताटलीत ठेवला. पूजा झाली. ग्राइंडर आपल्या जागी गेला. गार्ड देवापुढेच राहिला. देवापुढची वस्तू लगेच उचलायची नाही, हे आमच्या घरी पक्कं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. ऊन छान पडलं होतं. मी मागच्या अंगणात दोन ड्रम ठेवून त्यांवर दार आडवं टाकलं. इतक्या जाड रंगावर सॅण्डर चालत नाही, कागद दोन मिनिटांत चिकट होऊन भरून जातो. म्हणून मी ग्राइंडरला तारांचा ब्रश लावला. आधी ब्रशने रंग उडवायचा, मग सॅण्डरने लाकूड गुळगुळीत करायचं, असा बेत होता. ग्राइंडर हातात घेताना गार्ड नाही हे माझ्या लक्षात आलं. देवघर तिथून दहा पावलांवर. मी तिथूनच आत पाहिलं, ताटलीत तो दिसतही होता. म्हटलं, राहू दे.

दार ड्रमवर डुगडुगत होतं. मी निर्मलाला हाक मारली. ती पदर खोचून आली आणि तिने दुसरं टोक धरलं. मी गॉगल लावला. ओरखडे पडून पडून धुकट झालेला जुना गॉगल, शॉपमधून घरी आणलेला. तिने माझ्याकडे पाहिलं. बोर्ड वाचून एक दिवस झाला होता. "मी डोये मिटून घेतो," ती म्हणाली. "तुमी करा."

"मीट," मी म्हटलं. "पाचच मिनिटाचं काम हाय."

तिने डोळे मिटले. मी मशीन सुरू केलं. हिरव्या रंगाच्या कपच्या उडायला लागल्या. तिच्या केसांवर, जांभळ्या बांगड्यांवर हिरवी पूड बसत होती आणि ती घट्ट डोळे मिटून उभी होती, घसरगुंडीवरून उतरताना लहान मुलं मिटतात तशी. मला हसू आलेलं आठवतं. काम छान चाललं होतं. सागाच्या रेषा एकेक करून वर येत होत्या. कडीजवळ पोचलो तेव्हा दार ड्रमवरून थोडं सरकलं. सरकलेलं तिच्या हाताला कळलं, आणि कुठे सरकलं ते बघायला तिने डोळे उघडले.

ब्रशची एक तार सुटली होती. एक तार, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक.

टाऊनशिपच्या दवाखान्यातून आम्हाला रायपूरला पाठवलं. तिथे डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशन केलं. डावा डोळा गेला. त्या सगळ्या दिवसांचं मला फार थोडं आठवतं. कॉरिडॉरमधलं निळं बाकडं आठवतं. एका बाईच्या मांडीवर ठेवलेला स्टीलचा डबा आठवतो. मी रडलो नाही. मला भूक लागत होती आणि मी जेवत होतो. कुणीतरी म्हणालं, यांना धक्का बसलाय. असेल. मला तर हातच बधिर झालेले जाणवत होते, दोन्ही, आणि मी मनात म्हणत होतो की मशीनचा परिणाम आहे, उतरेल.

निर्मलाचा भाऊ नागपूरहून आला. तो दारातच माझ्यावर खेकसला, "तुमी गॉगल लावून, अन् ताईच्या डोळ्याले काहीच नाही? सेफ्टीवाले तुमी!"

पट्टी बांधलेली निर्मला पलंगावरून बोलली. "घरात एकच गॉगल होता. मशीन त्यायच्या हातात होती. त्यायनंच लावाले पायजे होता."

भाऊ तिच्या उशाशी जाऊन बसला. पुढे शेजारीपाजारी, गावचे लोक, रुपालीच्या मैत्रिणींच्या आया, सगळ्यांना तिने हेच सांगितलं. घरात एकच गॉगल होता. इतक्या वेळा सांगितलं की ते घराचा इतिहास होऊन बसलं.

घरात दोन होते.

प्लांटमध्ये मिळणाऱ्या नव्या वस्तू वापरायच्या नाहीत, ठेवायच्या, अशी आम्हा लोकांची रीत आहे. साबणाच्या वड्या, टॉवेल, बूट, हातमोजे. जुनं झिजेपर्यंत वापरायचं आणि नवं पेटीत टाकायचं. बूट गावी काकाकडे जायचे, टॉवेल लग्नाच्या आहेरात निघायचे. कोणत्याही प्लांटवाल्याच्या घरची लोखंडी पेटी उघडा, तळाशी न फोडलेली पाकिटं सापडतील. माझ्या पेटीत नवा कोरा गॉगल होता, प्लास्टिकच्या पाकिटात, आतल्या चिठ्ठीसकट. तो मी कुणासाठी ठेवला होता ते आजही मला सांगता येत नाही. गॉगल काही आहेरात देत नाहीत. त्या दिवशी ती "डोये मिटून घेतो" म्हणाली तेव्हा मला पेटी आठवली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पेटी आठवली, तिच्यावरच्या गाद्या आठवल्या, त्या उतरवाव्या लागतील हे आठवलं, आणि मी म्हटलं, मीट.

प्लांटमध्ये अपघात झाला की चौकशी बसते. कोण कुठे उभं होतं, गार्ड होता का, चष्मा होता का, नव्हता तर का नव्हता, सगळं लिहून घेतात. माणसाला ते नकोसं वाटतं, पण शेवटी खाली सही होते आणि फाइल बंद होते. आमच्या घरी चौकशी बसली नाही. निर्मलाने मला एकदाही 'कावून?', असं का केलं, म्हणून विचारलं नाही. ती एका डोळ्याने जगायला शिकली. सुरुवातीला चहा कपाबाहेर पडायचा, अंतर कळायचं नाही. मग तिने किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून ओतायची सवय केली. रोज सकाळी तो 'टक' असा आवाज होतो. अकरा वर्षं, दिवसातून दोनदा. मी तो ऐकतो आणि पेपर उलटतो.

तर रुपालीने खोकं उघडलं. मशीन सुबक होतं, धूळ गोळा करायची पिशवी लावलेलं. सोबत छोटं पुस्तक. मी ते सगळं वाचलं, वाचायची सवय. चित्रं होती. चित्रातल्या माणसाने गॉगल लावला होता, नाकावर मास्क होता, कानांवर झाकणं होती, केस बांधलेले होते. सगळं बरोबर होतं. फक्त प्रत्येक चित्रात एकच माणूस होता. दुसरं टोक धरणारं कुणी पुस्तकात कुठेच नव्हतं.

दार बिजागरीतून काढून आम्ही पुन्हा अंगणात आणलं. या वेळी ड्रम नाही, रुपालीने सुताराचे दोन लाकडी घोडे मागून आणले होते. रंग उडवायला मशीन नाहीच वापरायचं, हे तिने आल्याआल्या सांगितलं होतं, एक औषध लावून रंग मऊ करायचा आणि पात्याने खरवडायचा. दोन दिवसांत तिने हिरवा भाग खरवडून काढला, हातमोजे घालून, मास्क लावून. आज सकाळी सॅण्डरची पाळी होती. तिने मनगटावरचा पूजेचा लाल दोरा कात्रीने कापून तुळशीत ठेवला. केस बांधले. आपला गॉगल लावला. मग दार घोड्यावर हाताने हलवून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, थोडंसं हिलता है. तुमी धरा नं."

मी उठेपर्यंत निर्मला आतून आली होती. तिने पदर खोचला आणि जाऊन दुसरं टोक धरलं.

छातीत काहीतरी लागलं, पहिल्यांदाच, आणि ते दुखत होतं. मी म्हटलं, "थांबा." आत गेलो. पेटीवरच्या गाद्या उतरवल्या. दोन मिनिटं लागली फक्त. पेटी उघडून तळाशी हात घातला. बोटांना काही कळत नव्हतं, डाव्या हाताने चाचपून पाकीट काढलं. बाहेर आलो आणि ते निर्मलासमोर धरलं. चिठ्ठी प्लास्टिकमधून दिसत होती. तिच्यावर मिळाल्याची तारीख होती, त्या सप्टेंबरच्या आधीची.

"हा होता," मी म्हटलं. "त्या दिवशी होता. पेटीत."

रुपालीने गॉगल कपाळावर सरकवला. निर्मलाने पाकीट हातात घेतलं, पण चिठ्ठी वाचली नाही.

"दरसाली दिवाळीच्या आधी पेटी उन्हात कोण टाकते?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुले मालूम होतं?"

"मालूम होतं."

"मंग तवा मांगितला कावून नाही?"

तिने दारावरची धूळ हाताने पुसली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमी ठेवून देल्ला होता नं," ती म्हणाली. "ठेवणीतली वस्तू मी कशी मांगू?"

तिने पाकीट फाडलं, गॉगल काढला आणि डोळ्यांवर धरून मागचा पट्टा ताणला. अकरा वर्षांचं रबर. ते काहीही आवाज न करता तुटलं आणि गॉगल तिच्या हातात राहिला.

"मम्मी, नया मँगा लेते हैं," रुपाली हळूच म्हणाली. "कल आ जाएगा. तोवर मेरा ले लो, नाही त् बाबा धरून घेतील, तुमी दूर…"

"मी इथंच उभी राहीन," निर्मला म्हणाली. "गॉगल उद्या येते त् काम उद्या करू."

मागच्या गल्लीत कुणाचं तरी मशीन चालूच होतं. दार घोड्यांवर तसंच पडलं होतं, हिरवा रंग गेलेलं, खडबडीत. ऊन चांगलं होतं आणि काम पाच मिनिटांचं नव्हतं, पण फार तर अर्ध्या तासाचं होतं. मी स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत गेलो आणि प्लग काढला. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही मला एवढंच करायला हवं होतं.